दशावताराचं चांदीचं तबक: वजनाने बघायचं की कामाने?

फोंड्याची_रेवा
नमस्कार मंडळी. आजीच्या कपाटातून एक चांदीचं तबक निघालंय, वीतभर रुंद, ४१२ ग्रॅम, कडेने दशावतार. वजन करायला बाजारात नेलं तर त्या दुकानदाराने चित्रांकडे बघितलंसुद्धा नाही, काटा बघितला आणि म्हणाला घट धरून मोडीचा भाव देतो. मला मोडायचं नाहीच आहे, उलट आता अशी गोष्ट सांगणारी चांदी जमवायची खाज सुटलीय. घेताना काम हाताचं की साच्यातलं ते कसं ओळखायचं? आणि हे काळं पडलंय ते घासू का? अजून एक, नववा अवतार बुद्ध वाटत नाही, कमरेवर हात ठेवून उभा आहे कोणीतरी!

शेटांचा_नातू
अगो बाय, कमरेवर हात म्हणजे विठोबाच तो! आपल्याकडे गोव्यात आणि महाराष्ट्रात जुन्या दशावतारात, पंचांगांवरसुद्धा, नवव्या जागी कितीदा विठोबाच असतो, आणि दक्षिणेकडे बुद्धाला वगळून बळरामाला घेतात. म्हणजे तबक घडवणारा नाहीतर घडवून घेणारा आपल्याच बाजूचा, असं मी तरी म्हणेन.
आता पालथं घालून पाठ बघ. हाताच्या कामात पत्रा राळेवर बसवून मागून ठोकून उठाव काढतात, मग उलटा करून पुढून बारीक छिन्नीने नाक डोळे. त्यामुळे पाठीला खोलगट खड्डे आणि हत्याराचे ठसे दिसतात, आणि वेलबुट्टीतलं एक पान दुसऱ्यासारखं तंतोतंत नसतं. साच्यात दाबलेलं असेल तर सगळा उठाव कसा सारखाच खोल, शाळेत रांगेत उभं केल्यासारखं. ओतीव असेल तर जाड, आणि भिंगातून बारीक भोकं दिसतात. आजोबा राळ तापवायचे तो वास घरभर असायचा, ते आठवलं एकदम.

चांदणं
घासू नको गं!! तो काळा थर म्हणजे हवेतल्या गंधकाने झालेलं सिल्व्हर सल्फाइड, आणि खाचांत तो आहे म्हणूनच आकृत्या उठून दिसतात. मी शहाणपणा करून अत्तरदाणी ॲल्युमिनियम फॉइल आणि सोड्याच्या गरम पाण्यात बुडवली, पाच मिनिटांत पांढरी फटक, मोराची पिसंच दिसेनात, अजून जीव हळहळतो. मऊ सुती फडक्याने वरवर पूस, बस. पावसाळ्यात डब्यात खडूचे तुकडे टाक, आणि रबरबँड किंवा पेपरात गुंडाळणं अजिबात नको.

नाणेवाला_म्हापसा
माझं मत जरा वेगळं. जुन्या भांड्याचा टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, काय निघेल सांगता येत नाही, घ्यायच्या आधी मशीनवर काढून घ्याच. नवख्याने नाण्यांपासून सुरुवात करावी. १८८१ चा पोर्तुगीज रुपया घ्या, लुईश राजाचं डोकं असलेला, ११.६६ ग्रॅम, ९१७ टंच, म्हणजे वजनाने टंचाने ब्रिटिश रुपयाच! १८७८ च्या ब्रिटिश-पोर्तुगीज करारानंतर गोव्याचं चलन ब्रिटिश हिंदुस्थानाशी एकसारखं केलं म्हणून. राजा लिस्बनचा आणि माप कलकत्त्याचं, याहून मोठी गोष्ट काय हवी. त्यामानाने नवीन हवं तर ब्रिटनच्या रॉयल मिंट टांकसाळीची क्वीन्स बीस्ट्स मालिका आहे, २०१६ ते २०२१ मधली, १९५३ च्या राणीच्या राज्याभिषेकाला उभे केलेले दहा प्राण्यांचे पुतळे. पण खरं सांगू, मला ती फार गुळगुळीत वाटतात.

शेटांचा_नातू
नाणेवाला दादा, नाण्यात हात कुठे दिसतो हो, सगळी एकाच ठशाची! रेवा, काही घ्यायच्या आधी जुन्या गोव्याला बॉम जेझू चर्चमध्ये जा. संत फ्रान्सिस झेवियरचं शव ठेवलेली ती चांदीची पेटी गोव्याच्याच कारागिरांनी १६३७ च्या सुमारास घडवली, तिच्यावर त्याच्या आयुष्यातले प्रसंग पत्र्यातून उठवलेत. पेटी खूप उंचावर आहे, मान दुखते, दुर्बीण ने. आधी डोळा तयार होऊ दे, मग पाकीट उघड. आणि मोल करताना चांदीचे किती नि कामाचे किती ते वेगवेगळं विचार, कामाचे द्यायला लाजू नको.

चांदणं
हो, आणि शंभर वर्षांच्या वरचं असेल तर परदेशातल्या भावाबिवाला पाठवायचं मनात आणू नकोस, १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने बाहेर नेता येत नाही.

फोंड्याची_रेवा
देव बरें करूं सगळ्यांना! आत्ताच पालथं घातलं. ठसे आहेत, आणि नृसिंहाच्या मागच्या खड्ड्यात काळा कडक तुकडा चिकटलाय, नखाने निघत नाही, ती राळच ना? काढत नाही मी. नाणेवाला दादा, शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला येतेय, तो रुपया बघायला मिळेल का?