कार्यक्षमता आणि प्रति टन-किलोमीटर खर्च

विजेची मोटर डिझेल इंजिनाच्या दुपटीने कार्यक्षम असल्याने विजेवरच्या अवजड ट्रकचा चालवण्याचा खर्चही निम्मा येईल, हे आपले अनुमान मला अपुरे वाटते. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट (किलोवॅट-तास) ऊर्जा असते आणि चांगले इंजिन त्यातील साधारण ४ युनिट कामाला लावते. चार्जिंगमधील गळती धरून तेवढ्याच कामासाठी मोटरीला अंदाजे ५ युनिट वीज लागते. म्हणजे डिझेल ९० रुपये लिटर असेल, तर १८ रुपये युनिट दराला दोन्हींचा ऊर्जाखर्च सारखा होतो. महामार्गावरील जलद चार्जिंगचा दर या आकड्याच्या जितका जवळ जाईल, तितका कार्यक्षमतेचा फायदा मालकाच्या हाती कमी उरेल.

शिवाय ३०० युनिटांची बॅटरी सुमारे दोन टन वजनाची असते. कापूस किंवा थर्माकोल वाहणाऱ्याच्या ट्रकमधली जागा वजनाची मर्यादा येण्याआधीच भरते, म्हणून त्याला त्याने फरक पडत नाही; मात्र सिमेंट वाहणाऱ्याला त्या वजनापायी माल कमी भरावा लागतो आणि प्रत्येक फेरीचे भाडे त्या प्रमाणात घटते. युरोपीय संघाने २०१९ मध्ये शून्य-उत्सर्जन ट्रकना दोन टनांपर्यंत जादा वजनाची मुभा दिली ती याच कारणाने. म्हणून तुलना प्रति टन-किलोमीटर खर्चाचीच, म्हणजे एक टन माल एक किलोमीटर नेण्याच्या खर्चाचीच व्हावी, असा माझा आग्रह आहे.