अनोळखी सोबती, तोंडातून शब्दही न काढता

साताऱ्याहून
ऑनलाइन गेम म्हटलं की घरच्यांना माइकवरची शिवीगाळ आठवते. तीही असतेच. पण नाव, गाव, भाषा काहीच माहीत नसलेला कुणी मुद्दाम थांबून आपल्याला सोबत घेतो, हेही घडतं. असे अनुभव इथे लिहा. सुरुवात मी करते.

'जर्नी' हा २०१२चा गेम. वाळवंटातून डोंगराच्या शिखराकडे जायचं. वाटेत दुसरा खेळाडू भेटतो, पण त्याचं नाव दिसत नाही आणि चॅट मुळातच नाही. बटण दाबलं की एक सूर उमटतो, तेवढंच बोलणं. उडण्याची ताकद गळ्यातल्या उपरण्यात असते. दोघं एकमेकांना खेटले की ती भरते. बर्फातल्या शेवटच्या चढावर मी मागे पडले, तर पुढे गेलेला सोबती उतरून परत आला आणि मला चिकटून चालू लागला. त्याचं नाव कळलं ते खेळ संपल्यावर.

हा गेम तयार होत असताना खेळाडूंना एकमेकांना ढकलता यायचं, आणि लोक ढकलायचेच. बनवणाऱ्यांनी ती धक्काबुक्कीच काढून टाकली आणि जवळ आल्यावर ताकद मिळेल असं केलं. माणसं तीच, नियम बदलला. मला यात फार मोठी गोष्ट दिसते.

मिरजेहून
माझ्या धाकट्या भावाला ऐकू येत नाही. बीजीएमआय या मोबाइलवरच्या, टीम करून लढायच्या गेममध्ये पावलांचे आवाज छोट्या नकाशावर खुणांनी दिसतात, त्यावर तो खेळतो. अनोळखी टीममध्ये माइकवर कोण काय म्हणतंय हे त्याला कळत नाही. एकदा एकाच्या ते लक्षात आलं असावं. त्यानं बोलणं सोडलं आणि पूर्ण मॅचभर नकाशावर मार्कर टाकून वाट दाखवली. भाऊ जखमी होऊन पडला तेव्हा हाच माणूस आडोशाला धूर सोडून त्याला उठवायला आला. मी शेजारी बसून बघत होतो. त्याला 'ऐकू येत नाही' हे सांगावंच लागलं नाही, याचा मला सगळ्यात जास्त आनंद झाला.

सांगलीहून
मी माइक लावतच नाही. मुलीचा आवाज ऐकला की काहीजण खेळ सोडून भलतंच बोलतात. खुणांवर खेळले की मी फक्त चांगली खेळाडू असते. दादा लोकांनी हे जरूर वाचावं.

कराडहून
'डार्क सोल्स'मध्ये जमिनीवरची खूण स्पर्शली की परका खेळाडू मदतीला येतो, वाकून नमस्कार करतो, लढतो आणि काम झालं की निघून जातो. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांनी सांगितलंय की ही कल्पना त्यांना बर्फाळ चढावर अडकलेल्या गाड्यांवरून सुचली. मागच्या गाड्या पुढच्यांना ढकलत वर नेत होत्या आणि आभार मानायलाही कुणी थांबू शकत नव्हतं. खंबाटकी घाटात बंद पडलेल्या गाडीला हात लावणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिलीत. मला ते लगेच पटलं.

विट्याहून
'डेथ स्ट्रँडिंग' खेळा. त्यात पाठीवर ओझं घेऊन ते पोहोचवायचं असतं. दुसरा खेळाडू कधीच समोर येत नाही. त्यानं लावलेली शिडी, बांधलेला पूल मात्र आपल्या वाटेत सापडतो. पावसानं पूल झिजतो, तेव्हा आपण आपलं सामान घालून तो दुरुस्त करायचा. आता मी शिडी लावताना माझ्या सोयीची जागा बघत नाही, ओझं घेऊन येणाऱ्याला कुठून सोपं पडेल ते बघतो.