चोर्ल्यातला ‘ब्रेक फेल’ व्हिडिओ: डिफेक्ट गाडीत की माइकवाल्यात?

उद्यमबागकर
तो व्हिडिओ आता बेळगाव-खानापूरच्या प्रत्येक ग्रुपवर येऊन गेलाय. चोर्ला घाट, साखळीकडचा उतार, पाच माणसं आणि टपावर बोजा घेतलेली गाडी कठड्याला घासून उभी. वर निवेदकाची बोंब: ‘एबीएस फेल, कंपनीचा जीवघेणा डिफेक्ट!’ (एबीएस म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा.) दुसऱ्या दिवशी वर्कशॉपनं ब्रेक ठीक आहेत म्हटलं, तर ‘पुरावा दडपला’ म्हणून दुसरा भाग काढला.

अहो, ड्रायव्हर स्वतःच त्यात सगळं सांगतोय. पेडल पार तळाला गेलं, भराभर दाबल्यावर जरा वर आलं, चाकातून जळका वास येत होता. ही ब्रेक ऑइल उकळल्याची लक्षणं. ब्रेक ऑइलच्या डॉट-३, डॉट-४ अशा प्रती असतात. मानकाप्रमाणे नवं डॉट-३ ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत तग धरतं, डॉट-४ निदान २३० पर्यंत. खरं हे ऑइल हवेतली ओल ओढतं. ३.७ टक्के पाणी मुरलं की तीच हद्द १४० आणि १५५ वर येते. उतारावर पाय सतत ब्रेकवर ठेवला की कॅलिपर, म्हणजे चाकाजवळ ब्रेकचे पॅड दाबून धरणारा भाग, तापतो, ऑइलची वाफ होते. पेडलचा सगळा जोर ती वाफ दाबण्यात जातो, पॅडपर्यंत पोचतच नाही. गार झालं की वाफेचं परत ऑइल, आणि दुसऱ्या दिवशी ब्रेक ठणठणीत. वर्कशॉप खोटं बोललं नाही, ड्रायव्हरही नाही. राहिला माइकवाला. एबीएस बंद पडलं तरी साधा ब्रेक लागतो, एवढंही त्याला कुणी सांगितलं नाही.

टिळकवाडी २२
म्हणजे फिरून फिरून ड्रायव्हरच गुन्हेगार. गाडी पाच माणसांची म्हणून विकता, मग पाच माणसं घेऊन घाट उतरली तर ऑइल उकळतंच कसं? २०२२ च्या एप्रिलमध्ये एअरबॅग न उघडल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं काय म्हटलं ते वाचा. टक्कर किती वेगानं, किती जोरानं झाली याचं भौतिकशास्त्र ग्राहकाला येत असावं अशी अपेक्षाच धरता येत नाही. तुमचा अख्खा लेख म्हणजे ग्राहकाकडून घेतलेली भौतिकशास्त्राची परीक्षा आहे.

निपाणीकर
न्यायालय ग्राहकाबद्दल बोललं, माइकवाल्याबद्दल नव्हे. हा धंदा जुना आहे. १९८६ मध्ये अमेरिकेत सीबीएस वाहिनीच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ कार्यक्रमानं ऑडी ५००० आपोआप पळते म्हणून दाखवली. पेडल आपोआप खाली जाताना दिसावं म्हणून गिअरबॉक्सला भोक पाडून बाहेरून दाबाची हवा सोडली होती. १९८९ मध्ये सरकारी तपासात निघालं काय, तर बहुतेक वेळा पाय ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर. पुढं १९९२ मध्ये एनबीसी वाहिनीनं जनरल मोटर्सचा पिकअप पेटताना दाखवला, तर खाली ठिणगीची सोय आधीच बांधून ठेवलेली. १९९३ मध्ये जाहीर माफी मागावी लागली.

टिळकवाडी २२
सोयीच्या तेवढ्याच गोष्टी बऱ्या आठवतात. टोयोटानं २०१४ मध्ये १२० कोटी डॉलर कशासाठी भरले? समाजसेवा?

निपाणीकर
चटई आणि अडकणारं पेडल, या दोन गोष्टी लपवल्या म्हणून. टीव्हीवर ओरड होती इलेक्ट्रॉनिक्सची, आणि त्यात नासालाही २०११ मध्ये काही सापडलं नाही. लपवाछपवी केली हे मान्य, त्याबद्दल दंड कमीच झाला म्हणा हवं तर. चटईवरून आठवलं, ते शोरूमवाले फुकट देतात ती जाडजूड चटई आधीच्या चटईवर टाकू नका. पेडल तिच्यातच अडकतं.

चंदगडी
एवढं तापवायचंच कशाला ओ? उतार लागला की न्यूट्रल टाकायचं, गाडी जाते आपोआप. आमच्याकडं सगळे असंच उतरतात, पेट्रोलही वाचतं.

जांबोटीकर
घ्या, उत्तर आपल्या पायानं चालत आलं. इंजिनची अडवणूक काढली की सगळा भार ब्रेकवर येतो. आणि पेट्रोल वाचत नाही. इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजेक्टरच बंद होतात, थेंबही जळत नाही. न्यूट्रलला इंजिन फिरतं ठेवायला तासाला अर्धा ते एक लिटर जातं.

चंदगडी
पुस्तकी हिशोब. ॲव्हरेज मी टाकी फुल करून काढतो, मला शिकवू नका.

जांबोटीकर
टाकी फुल करून घाटातलं वेगळं कसं कळलं तुम्हाला? टाकीत काय घाटाचा कप्पा वेगळा आहे? तुमच्यासारखेच वळणावर मागून बंपरला येऊन टेकतात.

चंदगडी
तोंड सांभाळून. गाडी पूर्ण बंद करून उतरणारेही आहेत, त्यांना काही म्हणत नाही तुम्ही.

जांबोटीकर
त्यांना काय म्हणणार! इंजिन बंद म्हणजे बुस्टरची, म्हणजे पेडलला जोर देणाऱ्या भागाची, ओढ बंद. दोन-तीन दाबांपुरती शिल्लक असते, नंतर पेडल दगड. चावी फिरवून काढलीच तर स्टिअरिंग लॉक होण्याची भीती वेगळी. ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरा, बहुतेक सेकंड. एएमटी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारी गाडी असेल तर एम करून सेकंडला टाका. डी मध्ये ती मनानंच वरचा गिअर घेते. सीव्हीटीला, म्हणजे पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकला, एल किंवा एस. ब्रेक दाबून वेग पाडा, पाय पूर्ण उचला, परत दाबा. सारखा हलका पाय ठेवणं सगळ्यात वाईट.

वडगावकर
मग पेडल तळाला गेल्यावर दाबत राहायचं की नाही? ‘पंप करू नका’ असंही फिरतंय.

शहापूर मिस्त्री
कुठला बिघाड त्यावर आहे. पेडल मऊ होऊन तळाला गेलं तर भराभर पंप करा, गिअर एकेक खाली आणा, हँडब्रेक बटण दाबून ठेवून हळूहळू ओढा. त्याची केबल वेगळी, ऑइलशी संबंध नाही. पेडल दगडासारखं झालं तर बुस्टर गेलाय. तिथं पंप केला तर उरलीसुरली मदतही संपते. एकदाच दोन्ही पायांनी दाबून धरा. आणि पेडल नेहमीसारखं, खरं गाडी थांबेना, तर पॅड तापून गुळगुळीत झालेत.

आता उद्यमबागकर, तुमचंही पूर्ण बरोबर नाही. मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलचा जोर ऑइलमध्ये सोडणारा पंप, त्याचा रबर कप आतून ऑइल सोडत असेल तरी पेडल खाली जातं, बाहेर थेंब दिसत नाही, आणि हा बिघाड कधी असतो कधी नसतो. एबीएस मॉड्यूलमधला व्हॉल्व्ह नीट बसला नाही तरी तेच. तपासायचं असं: इंजिन चालू ठेवून पेडल एकसारख्या जोरानं मिनिटभर दाबून धरा. हळूहळू बसत गेलं तर आतली गळती. ही चाचणी न करता ‘ब्रेक ठीक’ लिहिणं म्हणजे नुसतं अंगण फिरवून आणलेली गाडी.

आणि गावातल्या वर्कशॉपांची एक खोड. डबीत ऑइल कमी दिसलं की टॉप-अप. अरे, पॅड झिजल्यामुळं पातळी उतरते, ती भरली की झीज झाकली जाते आणि जुनं पाणी तसंच राहतं. दोन वर्षांनी सगळं ऑइल बदला, मास्टरपासून लांबच्या चाकापासून हवा काढत या. एबीएसमध्ये हवा शिरली असेल तर स्कॅनर लावल्याशिवाय निघत नाही. बिल मात्र दोन्हीचं सारखंच लावतात.

उद्यमबागकर
जळका वास मास्टर सिलिंडरच्या कपामुळं येत नाही, मिस्त्री.

शहापूर मिस्त्री
वास पॅडचा. पॅड तापले होते हे मी कुठं नाकारतोय? कपही खराब असू शकतो, दोन्ही एकदम. म्हणून आधी ऑइल बाटलीत काढून दोघांच्या सहीनं सील करा म्हणतोय. ऑइलमध्ये पाणी किती ते मोजता येतं. एकदा ऑइल बदललं की भांडायला काही उरत नाही.

टिळकवाडी २२
बदललंय. दुसऱ्या भागात बिल दाखवलंय तिथं थांबवून बघा, ‘ब्रेक ऑइल रिप्लेस’ अशी ओळ आहे. बाकी मजकूर कानडीत आहे, तेवढं इंग्रजीत. आणि वर शेरा: दोष आढळला नाही.

उद्यमबागकर
बघितलं. दोष नव्हता तर बदललं कशाला, हे कंपनीनं लेखी सांगायला पाहिजे. एवढ्यापुरतं तुमचं. एबीएसचं मात्र अजूनही बंडलच.

टिळकवाडी २२
उपकार झाले. जुनं ऑइल कुठल्या डब्यात ओतलं तेही विचारून घ्या.