मदत हवी आहे: जेवता जेवता उठलो तर परत नेतिला (पाव खाण्याआधीचं विधीपूर्वक हात धुणं) करायची का, बराखासकट (म्हणजे आशीर्वचन म्हणून)?

शालोम मंडळी, आम्ही बेने इस्राएल (मराठी ज्यू), ठाण्याचे. घरी शुक्रवारी किद्दुश (द्राक्षारसावरची प्रार्थना), मोत्सी (पावावरची बराखा) सगळं होतं पण नियम खोलात कुणी शिकवले नव्हते, आता इस्राएलहून भाचा आलाय, येशिवात (ज्यू धर्मशिक्षणाच्या शाळेत) शिकतो, तो प्रत्येक घासाला काहीतरी काढतो 😅

एवढं समजलंय की पाव खायच्या आधी दोन कानांच्या भांड्याने, त्याला नटला म्हणतात, उजव्या हातावर दोनदा मग डाव्यावर दोनदा पाणी ओतायचं, अंगठी काढून. नुसता नळाखाली हात धरून चालत नाही कारण पाणी माणसाने ओतलेलं हवं. पाणी कमीत कमी एक रेवीइत (जुनं माप), कुणी ८६ मिली धरतं कुणी १५०. मग बराखा, हात पुसायचे आणि मोत्सी होईपर्यंत अवाक्षर नाही. हे शेवटचं आमच्याकडे महाकठीण, कारण हात धुवून झाले की आईला हमखास आठवतं टेबलावर मीठच नाहीये, मग सगळ्यांच्या खाणाखुणा सुरू.

आता घोळ असा की जेवणात मध्येच बाथरूमला जाऊन आलो तर भाचा म्हणतो परत धू पण बराखा म्हणू नकोस, बाबा म्हणतात धुतलं की म्हणायचीच. कोण बरोबर? शिवाय ज्वारीच्या भाकरीला नेतिला नाही म्हणे, मग चपातीचं काय? आणि मिन्हाची (दुपारच्या प्रार्थनेची) वेळ लोकलमध्येच होते, हात धुवायला पाणी नसतं, तेफिला (प्रार्थना) सोडून द्यायची का?

प्रतिसाद १
भाचा बरोबर. परत धुवायचे हे शुलखान आरुखमध्येच (ज्यू नियमांच्या ग्रंथात) आहे, बराखेवर मात्र रब्बींचे मतभेद, आणि शंका असली की बराखा म्हणायची नाही. बाथरूमनंतरची बराखा, 'अशेर यात्सार', वेगळी, ती म्हणायचीच. भाकरी ज्वारीची, बाजरीची, तांदळाची कुठलीही असो, गहू, जव वगैरे पाच धान्यांत बसत नाही म्हणून मोत्सी नाही आणि नेतिलाही नाही. चपाती गव्हाची, कणीक मळून भाजलेली, आमच्याकडे मोत्सीच करतात, फार पातळ असली तर वाद घालणारे आहेत. मिन्हा सोडू नकोस रे, पाणी नसेल तर हात रुमालाला नीट पुसून घे, तेफिलाआधीच्या धुण्याला तशीही बराखा नसते.

प्रतिसाद २
आईंना सांगा, 'मीठ आणा' म्हटलं तर तो खंड धरत नाहीत, तालमूदमध्ये (ज्यू धर्मग्रंथात) नेमकं हेच उदाहरण आहे 😀 तरी आधी आणून ठेवलेलं बरं.