चीनमधले रोबो आणि गावाकडून आलेला कामगार

खडूस_काका:
२०२३ मध्ये जगात बसलेल्या औद्योगिक रोबोंपैकी निम्म्याहून जास्त एकट्या चीनमध्ये बसले. त्याचं कौतुक ऐकून कान किटले. हे कारखाने उभे राहिले ते हनान, सिचुआनच्या खेड्यांतून आलेल्यांच्या जिवावर. असे गावाकडचे कामगार आजही जवळपास ३० कोटी आहेत. कुनशान शहरातल्या फॉक्सकॉन या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या कारखान्यात ६०,००० माणसं कमी झाल्याचं २०१६ मध्ये तिथल्या सरकारी अधिकाऱ्यानेच सांगितलं होतं. ती गेली कुठे?

यंत्रवेडा:
काका, घोडं गाडीमागे बांधताय. कामाच्या वयाची माणसंच तिथे दहा-बारा वर्षांपासून घटताहेत. तरुण पोरं लाइनवर उभी राहायला तयार नाहीत, स्कूटरवरून जेवणाचे डबे पोचवणं त्यांना परवडतं. माणूस मिळेना म्हणून मालक यंत्र घेतो.

खडूस_काका:
पोरांचं सोडा हो. गावाकडच्या या कामगारांत तिशीतले-चाळिशीतले एका बाजूला, पण जवळपास तिसरा हिस्सा पन्नाशीपुढचा आहे! हा माणूस स्कूटर चालवणार? शांघायने तर साठीपुढच्या पुरुषांना बांधकामावर घ्यायलाही मनाई केली.

मीनल_ठाणे:
त्याला गावी जावंच लागतं, कारण हुकोउ. १९५८ पासूनची ही नोंदणी: नाव गावात, तर हक्कही गावातले. वीस वर्षं शेन्झेनमध्ये राबलात तरी पोराची कॉलेज-प्रवेशाची परीक्षा बहुधा मूळ प्रांतातच. आणि म्हातारपणी? ग्रामीण पेन्शनची सरकारने ठरवलेली किमान रक्कम २०२५ मध्ये महिना १४३ युआन, म्हणजे जेमतेम १,७०० रुपये. शहरातल्या निवृत्तांना हजारोंनी युआन मिळतात.

यंत्रवेडा:
मीनलताई, हेच तर म्हणतोय! दोष हुकोउचा, शिव्या रोबोला.

मीनल_ठाणे:
इतकं सोपं नाही. ग्वांगडोंग प्रांतात रोबो घेणाऱ्या कारखान्यांना सरकारी अनुदान मिळालं, ‘माणसाच्या जागी यंत्र’ ही तिथली उघड घोषणाच होती. म्हणजे यंत्र घेणाऱ्या मालकाला सरकार हात देतं आणि ज्याची जागा गेली त्याला गावचा रस्ता दाखवतं. बाजाराच्या माथी मारून कसं चालेल?

यंत्रवेडा:
अनुदान नसतं तर ते कारखाने व्हिएतनामला गेले असते. काही गेलेच. तेव्हा त्या पन्नाशीच्या माणसाला काय मिळालं असतं?

खडूस_काका:
आत्ता काय मिळालं, ते सांगा आधी.