बार्शी लाईटच्या कॅल्थ्रॉप साहेबाचं आडनाव मूळ कुठलं?

कुर्डुवाडी_जंक्शन

नमस्कार मंडळी. आमचे आजोबा कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. घरात देवाच्या खालोखाल नाव निघायचं ते कॅल्थ्रॉप साहेबाचं. आता शाळेच्या स्मरणिकेत बार्शी लाईटवर, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या छोट्या रेल्वेवर, दोन पानं लिहायचं काम माझ्याच गळ्यात पडलंय.

गाडीची माहिती जमली. एव्हरार्ड रिचर्ड कॅल्थ्रॉप, जन्म १८५७. १८८२ मध्ये जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत नोकरीला म्हणून इकडं आला. १८९५ मध्ये लंडनला कंपनी काढली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आपलं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी अडीच फुटी गाडी सोडली. पुढं १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. त्याच १९२७ च्या मार्चमध्ये साहेब तिकडं वारला.

गाडी अडलीय ती आडनावापाशी. स्मिथ, टेलर, ब्राउन ढिगानं ऐकलेत, कॅल्थ्रॉप दुसरा कुठं भेटला नाही. एका लेखात 'कॅल्थॉर्प' छापलंय आणि त्याला लॉर्ड घराण्याशी जोडलंय. एका साइटवर तर 'कॅल्थ्रॉप घराण्याचं कुलचिन्ह' फ्रेम करून विकायला ठेवलंय. भाचा म्हणतो, मागवू आणि मुखपृष्ठावर टाकू. त्याआधी विचारावं म्हटलं. हे आडनाव आलं कुठून? एवढं दुर्मीळ का? आणि आपला साहेब खरंच लॉर्डाच्या घरातला होता का?

होटगी_रोड

ओ मालक, आडनाव कळल्यावर गाडी परत नॅरोगेजवर येणार हाय का? 😀

चेष्टा सोडा. लॉर्ड कॅल्थॉर्प म्हणजे बर्मिंगहॅममधलं एजबॅस्टन, एवढं मला माहिती आहे. वॉरिकशरच्या क्रिकेट क्लबनं १८८६ मध्ये जिथं मैदान सुरू केलं ती जागा कॅल्थॉर्प इस्टेटीची. शिवाय १९२९-३० ला इंग्लंडचा संघ वेस्ट इंडीजला गेला, तिथल्या भूमीवरच्या पहिल्यावहिल्या कसोटी त्या, तेव्हा कप्तान होता फ्रेडी कॅल्थॉर्प. तोही त्याच घरातला. म्हणजे आपला साहेबही लॉर्डाचाच कोणीतरी असणार बघा.

पूर्वभाग_सोलापूर

कुर्डुवाडीकर, त्या फ्रेमवर एक रुपयाही घालू नका. इंग्लंडमध्ये कुलचिन्ह आडनावाला मिळत नसतं. ते एका माणसाला मिळतं आणि पुढं त्याच्या थेट वंशजांना. देणारी संस्था कॉलेज ऑफ आर्म्स, १४८४ पासूनची. 'अमुक आडनावाचं चिन्ह' म्हणून जे विकतात तो निव्वळ धंदा आहे. मुखपृष्ठावर इंजिनाचा फोटो टाका, तो खरा तरी असेल.

मी कोण सांगणारी? बँकेतून रिटायर झाल्यावर आमच्या इंटिपेरूचा, म्हणजे तेलुगू आडनावाचा, माग काढायला बसले होते. आम्ही पद्मशाली, घराचं नाव आधी आणि माणसाचं मागून. पणजोबा तेलंगणातून आले ते जुन्या गिरणीच्या भोंग्यामागं. त्या शोधात इंग्रजी आडनावांचं वाचायची खोड लागली ती लागलीच. नातवंडं म्हणतात, आजी दुसऱ्याच्या घराण्यात काय शोधती?

तर कॅल्थ्रॉप हे गावावरून पडलेलं आडनाव. आपल्याकडं बार्शीकर, करमाळकर, मंगळवेढेकर, त्यातलाच प्रकार. ८६५ साली डेन, म्हणजे डेन्मार्ककडच्या लोकांची मोठी फौज इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर उतरली आणि पुढं त्यातले बरेच तिथंच जमीन कसत राहिले. लिंकनशर, यॉर्कशर आणि नॉरफोकचा नकाशा उघडा, '-बी' आणि '-थॉर्प' शेवटाच्या गावांचा नुसता सडा पडलाय. थॉर्प म्हणजे मोठ्या गावापासून सुटी, त्याच गावाच्या आधारानं जगणारी वस्ती. काली नावाच्या कुणा डेन माणसाची वस्ती ती कालीथॉर्प, म्हणजेच नॉरफोकमधलं कॅल्थॉर्प. (आपल्या कालीमातेशी काही संबंध नाही. व्हॉट्सॲपवर जायच्या आत सांगून ठेवते.) लिंकनशरमध्ये कॉथॉर्प नावाची गावं आहेत, त्यांचं मूळही तेच. १०८६ मध्ये विल्यम राजानं सगळ्या मुलखाची जमीनमोजणी करून डूम्सडे बुक लिहवलं, त्यात ही गावं 'कालेटॉर्प' अशी येतात.

आता गंमत ऐका. बार्शीत राहणाऱ्याला कुणी बार्शीकर म्हणत नाही. तो सोलापुरात आला की बार्शीकर होतो. तिथंही तसंच, गाव सोडलेल्यालाच गावाचं नाव चिकटलं. म्हणून असली आडनावं मूळ गावात कमी आणि आसपासच्या दहा-वीस मैलांत जास्त सापडतात. सुरुवातीला ती पक्कीही नव्हती. नॉरिचचा एक बिशप होता वॉल्टर, १२४५ ते १२५७ पर्यंत गादीवर. जुन्या कागदांत तो कुठं वॉल्टर ऑफ सफील्ड आहे तर कुठं वॉल्टर कॅल्थॉर्प. सफील्ड आणि कॅल्थॉर्प ही एकमेकांच्या जवळची दोन गावं. माणूस एक, ओळखी दोन. बापाचं आडनाव मुलाला आपोआप लागायची रीत इंग्लंडमध्ये साधारण १४०० पर्यंत बहुतेक घरांत बसली.

थॉर्पचं थ्रॉप कसं झालं? बोलताना र पुढं सरकला, एवढंच. विंथॉर्पचं विंथ्रॉप झालं, ते अमेरिकेतलं मोठं घराणं. नॉर्थ्रॉप, लॅथ्रॉप हे त्याच वळणाचे. १५३८ मध्ये थॉमस क्रॉमवेल या राजाच्या मंत्र्यानं प्रत्येक पॅरिशला, म्हणजे एका चर्चच्या हद्दीला, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदी ठेवायचा हुकूम काढला. पाद्री जसं ऐकू येईल तसं लिहायचा. म्हणून कॅल्थ्रॉप, कॅल्थॉर्प, कॅल्थ्रोप, कॉथॉर्प अशी लिखावट बदलत राहते, कधीकधी एकाच माणसाची. तुमच्या लेखकानं 'कॅल्थॉर्प' छापलं ते म्हणूनच. पण तेवढ्यावर त्याला लॉर्डाच्या ताटात बसवू नका.

होटगी रोड, तुमचा एजबॅस्टनवाला लॉर्ड बापाकडून मुळात कॅल्थॉर्प नव्हताच! तो गॉफ. एजबॅस्टनची जमीन १७१७ मध्ये रिचर्ड गॉफनं विकत घेतली. त्या घरातल्या सर हेन्री गॉफला त्याच्या मामाची, सर हेन्री कॅल्थॉर्पची इस्टेट मिळाली, तेव्हा १७८८ मध्ये त्यानं मामाचं आडनाव लावलं. १७९६ मध्ये तो बॅरन, म्हणजेच लॉर्ड कॅल्थॉर्प झाला. इस्टेटीबरोबर आडनाव दत्तक घ्यायची पद्धत तिकडं सर्रास होती. फ्रेडी कप्तानाचं पूर्ण आडनावही गॉफ-कॅल्थॉर्प. आपला साहेब लिंकनशरच्या डीपिंग भागातल्या शेतकऱ्याचा थोरला मुलगा. बापाचं नावही एव्हरार्डच. दलदल उपसून काढलेली सपाट काळी जमीन असते ती. लॉर्ड वगैरे काही नाही, आणि मला विचाराल तर त्यात त्याची शानच आहे.

माझा कल विचाराल तर त्याचे पूर्वज नॉरफोकच्या कॅल्थॉर्पपेक्षा लिंकनशरच्याच कॉथॉर्पचे असावेत. बोर्नजवळचं कॉथॉर्प डीपिंगहून फार लांब नाही. छापायचं असेल तर 'बहुधा' लिहून छापा.

मोहोळचा_मास्तर

मावशी, झकास. एक भर घालतो, कारण इंटरनेटवर हा घोळ नेहमी होतो. सुन त्झूचं युद्धशास्त्रावरचं जुनं चिनी पुस्तक इंग्रजीत पहिल्यांदा आणणारा माणूसही एव्हरार्ड कॅल्थ्रॉपच! पण तो एव्हरार्ड फर्ग्युसन कॅल्थ्रॉप, तोफखान्यातला अधिकारी. जपानी शिकायला टोकियोत होता, तिथंच १९०५ मध्ये पहिली आवृत्ती काढली, १९०८ ला सुधारलेली. १९१० मध्ये लायोनेल जाइल्स या दुसऱ्या अनुवादकानं त्याच्या भाषांतराची पार सालटी काढली. हा कॅल्थ्रॉप पहिल्या महायुद्धात १९१५ मध्ये मारला गेला. त्याच्या नावापुढं बार्शी लाईट जोडू नका आणि आपल्या साहेबाच्या नावापुढं सुन त्झू.

कुर्डुवाडी_जंक्शन

मास्तर, वाचवलंत! भाच्यानं 'युद्धशास्त्राचा जाणकार' असं एक वाक्य घुसडलेलंच होतं, आत्ता खोडलं.

मावशी, फ्रेम रद्द. पण दुर्मीळ का ते राहिलं. थॉर्प गावं शेकड्यानं, मग कॅल्थ्रॉप एवढे कमी कसे? आणि आज ते आहेत तरी का?

पूर्वभाग_सोलापूर

आहेत की. थोडे आहेत, पण आहेत.

मूळ वस्तीच इवलीशी. नॉरफोकचं कॅल्थॉर्प आज स्वतंत्र पॅरिशसुद्धा नाही, शेजारच्या अर्पिंगहॅममध्ये मोडतं. अशा वस्तीतून आडनाव घेऊन बाहेर पडलेली घरं ती किती असणार? याउलट स्मिथ म्हणजे लोहार. प्रत्येक गावात लोहार, म्हणून प्रत्येक गावात स्मिथ नव्यानं जन्मला. त्यांचा एकमेकांशी रक्ताचा संबंध असायचं कारणच नाही.

दुसरं कारण मुलींचं. आडनाव मुलग्यांवर चालतं, एखाद्या पिढीत सगळ्या मुलीच झाल्या की ती फांदी तिथंच संपली. फ्रान्सिस गॉल्टननं १८७३ मध्ये हाच प्रश्न गणित्यांपुढं टाकला होता, आडनावं नष्ट होण्याची शक्यता काढायची कशी? वॉटसन नावाच्या पाद्र्यानं उत्तर मांडलं. ते गणित पुढं वंशवाढीपासून अणूच्या साखळी प्रक्रियेपर्यंत वापरलं गेलं. सांगायचं एवढंच की मुळात घरं थोडी असतील तर निव्वळ योगायोगानंही आडनाव बुडू शकतं. कॅल्थ्रॉपांच्यात उदाहरण घरचंच आहे. साहेबाचा धाकटा भाऊ गाय कॅल्थ्रॉप हा लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचा जनरल मॅनेजर होता आणि पहिल्या महायुद्धात सरकारचा कोळसा नियंत्रक. १९१८ मध्ये त्याला बॅरोनेट केलं, ही बापाकडून मुलाकडं जाणारी पदवी. १९१९ च्या फेब्रुवारीत इन्फ्लुएंझाच्या साथीत तो गेला आणि मागं वारस मुलगा नसल्यामुळं ती पदवीही त्याच्याबरोबरच संपली.

लेस्टर विद्यापीठातल्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ मध्ये चाळीस इंग्रजी आडनावांच्या पुरुषांचे वाय गुणसूत्र तपासले. बापाकडून मुलाकडं जाणारं गुणसूत्र ते. स्मिथांमध्ये काही मेळ नाही. पण दुर्मीळ आडनावांत बहुतेकांचा मूळपुरुष एकच निघत होता. त्यात ॲटनबरोही होते. तेही नॉटिंगहॅमशरमधल्या एका खेड्याचं नाव, आणि त्यांचे तर जवळजवळ सगळे एका वाणाचे निघाले. कॅल्थ्रॉप याच जातीचं आडनाव. तरी मास्तरांचा मुद्दा धरून ठेवा. दोन कॅल्थ्रॉप पंधरा पिढ्यांपूर्वी कुठं तरी जुळत असतील, म्हणून ते चुलत भाऊ ठरत नाहीत.

आता माणसं मोजायची तर १८८१ ची जनगणना हाताशी घ्या. इंग्लंडमध्ये १८४१ पासून जनगणनेत नावं लिहून ठेवलेली आहेत, पण १८८१ ची स्वयंसेवकांनी अख्खी उतरवून काढली. म्हणून कुठलं आडनाव कुठं दाटलंय हे त्यावरूनच बघतात. जन्म-लग्न-मृत्यूची सरकारी सूची जुलै १८३७ पासूनची, 'फ्रीबीएमडी' साइटवर फुकट दिसते. १९३१ च्या जनगणनेचे कागद १९४२ च्या आगीत जळाले आणि १९४१ ला युद्धामुळं जनगणना झालीच नाही. त्यामुळं १९२१ नंतर उडी थेट १९३९ च्या युद्धकालीन नोंदवहीवर. हिंदुस्थानात राहिलेल्या साहेबलोकांच्या चर्चमधल्या नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. शोधताना सगळ्या लिखावटी टाका, नाहीतर निम्मी माणसं निसटतील.

बाहेर गेलेलेही आहेत. लिंकनशरच्या स्वाइन्सहेडचा सॅम्युएल कॅल्थ्रॉप अमेरिकेत सिरॅक्यूजला पाद्री होता. या पाद्रीबाबानं १८६५ मध्ये वाऱ्याचा विरोध कमी करणाऱ्या निमुळत्या आगगाडीचं पेटंट घेतलं होतं! आपल्या साहेबाशी नातं जोडायचा मोह होतो खरा, पण जोडू नका. लंडनच्या रंगभूमीवर ग्लॅडिस कॅल्थ्रॉप ही नेपथ्यकार गाजली, पण तिचं हे आडनाव लग्नानं आलेलं. यादी करताना अशी माणसं वेगळी ठेवायची.

होटगी_रोड

मावशी, गॉफचा निकाल लागला. एजबॅस्टनचं वाक्य माझ्याकडून माघारी. स्मरणिकेत मराठीत लिहायचं काय मग, थ्रॉप का थॉर्प?

मोहोळचा_मास्तर

थ्रॉपच. १९०४ मध्ये स्टॅफर्डशरला लीक अँड मॅनिफोल्ड नावाची अडीच फुटीच लाईट रेल्वे सुरू झाली. बार्शीच्या अनुभवावर साहेबानंच तिची आखणी केली होती. तिच्या एका इंजिनाचं नाव 'ई. आर. कॅल्थ्रॉप' होतं. साहेब जिवंत असताना पाटीवर चढलेलं नाव आहे ते. ती गाडी १९३४ मध्ये बंद पडली, आपली त्यापुढं कितीतरी वर्षं धावली. १ जानेवारी १९५४ ला सरकारनं बार्शी लाईट ताब्यात घेतली, ही तारीखही घाला, तुमच्या मजकुरात दिसली नाही.

कुर्डुवाडी_जंक्शन

घातली. आजोबा त्याच्या आधीच कंपनीत लागले होते, म्हणजे त्यांचा पहिला पगार कंपनीचा. मजकूर शनिवारी छापखान्यात जाणार आहे. मावशी, त्याआधी इथं टाकतो, एकदा नजर फिरवा.