प्रतिसाद: लिंका मोजू नका, कुणाच्या आहेत ते बघा

वर विचारलंय की सांगलीच्या हळदीच्या दरांच्या वेबपानाला शंभरेक डिरेक्टऱ्यांतून (नुसत्या लिंकांच्या याद्या देणाऱ्या साइट्सवरून) लिंका मिळवल्या, तरी ते सर्चमध्ये वर का येत नाही. पेजरँक (१९९८) म्हणजे लिंकांवरून पानाचं वजन ठरवायची गूगलची पद्धत. तिच्या मूळ गणितात प्रत्येक पान आपलं वजन बाहेर जाणाऱ्या लिंकांत सारखं वाटतं, तेही ०.८५ ने गुणून. वजन १ धरलं, तर ५ लिंकांच्या पानावरून तुम्हाला ०.१७ मिळेल आणि ५०० लिंकांच्या डिरेक्टरीतून ०.००१७. त्यात डिरेक्टरीचं स्वतःचंच वजन नगण्य! आज गूगल इतरही बरंच बघतं, पण हा हिशेब समजून घ्याच. लिंकेवर नोफॉलो (‘ही लिंक मोजू नका’ असं सर्च इंजिनला सांगणारी खूण) आहे का, तेही पानाच्या सोर्स कोडमध्ये तपासा.

आधी घरचं बघा. दरांच्या पानाला होमपेजवरून लिंकच नसेल तर क्रॉलर (लिंकांवरून फिरत पानं शोधणारा सर्च इंजिनचा प्रोग्रॅम) तिथवर सहज पोचणार कसा? आणि लिंकेवर ‘इथे क्लिक करा’ऐवजी ‘राजापुरी हळदीचे आजचे दर’ लिहा.

माणसांचंही असंच. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटरने १९७३ मध्ये मांडलं की नवी माहिती बहुधा जुजबी ओळखीतून येते. मार्केट यार्डातले दहा अडते एकमेकांना तीच बातमी सांगणार; निजामाबाद किंवा इरोडच्या हळद बाजारातला एखादा ओळखीचा व्यापारी वेगळं सांगेल. लिंकही त्याच्याकडूनच मागा.